हवेतला बाप्तिस्मा

माझ्या लेकीच्या लग्नाला पंधरवडा उरला होता. आम्ही बायका भट्टीमागच्या खोलीत बसून साखरेत घोळवलेले बदाम जाळीच्या कापडात बांधत होतो. प्रत्येक पुरचुंडीत बदाम विषम हवेत, म्हणजे त्यांची दोघांत वाटणी होत नाही आणि जोडपं एकत्र राहतं. दिवसाचे पाव केव्हाच विकून झाले होते, पण भट्टीची धग अजून भिंतीतून येत होती. नवऱ्या मुलाची आई स्तामाता कौतुकानं म्हणाली, "लग्नमुकुटांचं तबक मात्र झाबेताबाईंनीच धरायचं हं. पोरीला मरणाच्या दारातून त्यांनीच तर उचलून आणलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. झाबेता म्हणजे माझी नणंद, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. कुणी मान दिला की वन्सं तो दोन्ही हातांनी घेतात, वर आणखी थोडा मागूनही घेतात. त्या दिवशी मात्र त्यांनी हातातला बदाम खाली ठेवला.

"मी नव्हतं उचललं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे नव्हतं उचललं. माझे हातच उठले नाहीत. उद्या देवासमोर खोटं तबक धरून मी उभी राहणार नाही."

"मग कुणी उचललं, वन्सं?" मी विचारलं.

त्यांनी समोरची पुरचुंडी बाजूला सारली. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "नोमिकोसनं."

क्षणभर कुणालाच काही वाटलं नाही. नोमिकोस म्हणजे पेतालिदाच्या किनाऱ्यावर शेळ्या घेऊन एकटा राहणारा म्हातारा. मग स्तामाताचा चेहरा उतरला आणि तिच्या पाठोपाठ माझ्या डोक्यात उजेड पडला. नोमिकोस तिच्या मुलाचा, म्हणजे याकोवोसचा धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी याकोवोसला त्यानंच हातांवर घेतलं होतं. मरत्या मुलाला देवाचं नाव घेऊन उचललं, तर तोही बाप्तिस्माच. आणि एकाच माणसाच्या हातून बाप्तिस्मा झालेला मुलगा आणि मुलगी म्हणजे बहीणभाऊ. रक्ताचे नसले तरी तेलाचे. त्यांचं लग्न लागत नाही.

"तरीच," स्तामाता म्हणाली. "तरीच तो मुकुट धरायला नाही म्हणाला."

तेही खरंच होतं. आमच्याकडे वराच्या धर्मपित्यानं दोघांच्या डोक्यावर मुकुट धरायचे असतात. जुलैमध्ये याकोवोसनं त्याला तसा निरोप धाडला, तर म्हाताऱ्यानं एका मच्छीमाराबरोबर दोन चीजचे गोळे पाठवले आणि सांगितलं, दुसरा कुणी बघा. कारण दिलं नाही. एकटं राहून डोकं फिरलंय, असं म्हणून आम्ही चीज खाल्लं होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी पेतालिदाला काय झालं ते मला अर्धंच ठाऊक आहे, आणि त्या अर्ध्यातलंही बरंचसं दुसऱ्यांनी सांगितलेलं. तिथे संत मामासचं एका खोलीएवढं चर्च आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याचा सण. पेतालिदाला रस्ता नाही. दर निवडणुकीत रस्त्याचं आश्वासन मिळतं आणि दर निवडणुकीनंतर तो वर डोंगरावर, शेवटच्या खळ्यापाशी येऊन थांबतो. त्यापुढे पायवाट, नाहीतर बोट. त्या वर्षी माझी पोर अडीच महिन्यांची होती आणि तिचा बाप्तिस्मा व्हायचा होता. नवरा लिनार्दोस मालवाहू जहाजावर, ब्राझीलच्या कुठल्याशा बंदरात. सण झाला, प्रार्थना झाली, पाद्री आणि माणसं बोटीच्या पहिल्या फेरीत परत गेली. दुसऱ्या फेरीत आम्ही जायचं होतं. पण उत्तरेचा वारा उठला आणि दुसरी फेरी झालीच नाही, आणि त्या वाऱ्यात तान्ह्याला घेऊन डोंगर चढणं शक्य नव्हतं. किनाऱ्यावर मागे राहिलो मी, वन्सं, तान्हं मूल आणि नोमिकोस.

दुसऱ्या दिवशी पोरीला ताप भरला. तिनं दूध सोडलं, ओठ निळे पडायला लागले. मलाही ताप होता, छाती दगडासारखी झाली होती. मला चर्चची गार फरशी आठवते, दिव्याच्या तेलाचा वास आठवतो, आणि माझ्या दंडावर पोरीची मान कलंडली ते आठवतं. त्यानंतरचं एकदम हे, की मी वाळूत पडलेय, कमरेपर्यंत चिंब भिजलेली, आणि वन्संच्या हातात माझी पोर टाहो फोडून रडतेय.

पाद्री नसताना मूल हातचं जाणार असं दिसलं, तर कुणाही ख्रिस्ती माणसानं त्याला तीनदा हवेत उचलायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि मुलाला नाव द्यायचं. बिननावाचं जाऊ नये म्हणून. वन्सं म्हणाल्या, "तू बेशुद्ध पडलीस. मी उचललं हिला. नाव मारूसो ठेवलं. आम्ही पाणी मारलं तेव्हा तू डोळे उघडलेस."

मारूसो हे माझ्या सासूचं नाव. आमच्या बेटावर पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव देतात. माझी आई कालिओपी, मी लहान असतानाच गेली, आणि तिचं नाव परत घरात यावं म्हणून मी नऊ महिने वाट पाहिली होती. ते राहिलं बाजूला आणि जिवंत असलेल्या, सकाळ-संध्याकाळ मला टोमणे मारणाऱ्या सासूचं नाव माझ्या मुलीला चिकटलं. हवेत दिलेलं नाव बदलता येत नाही. पुढे मोठ्या चर्चमध्ये तेल लावून उरलेला विधी झाला, तेव्हाही वन्संच धर्ममाता. एक उपकार आणि एक चोरी, दोन्ही एकाच बाईनं केलेली. त्यामुळे मला त्यांच्यावर धड रागावता आलं नाही की धड त्यांच्या पाया पडता आलं नाही. मी एवढंच केलं, की लेकीला त्या नावानं कधी हाक मारली नाही. माझ्या तोंडी ती 'पोरी' आहे. माझं मूल मरायला टेकलं तेव्हा मी पालथी पडले होते आणि दुसऱ्या कुणी हात पुढे केला, हे मात्र मनातून कधी गेलं नाही.

आणि आता ती दुसरी म्हणत होती, की तो हातही तिचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी आम्ही पापा-स्टेफानोसकडे गेलो. आमचे पाद्री तरुण आहेत, त्यांची बायको शाळेत गणित शिकवते आणि तेही गणितासारखंच बोलतात.

"हवेत नोमिकोसनं उचललं असेल तर अडचण आहे," ते म्हणाले.

"पण नंतर चर्चमध्ये तेल तर वन्संनी लावलं ना?" मी म्हटलं.

"मग कदाचित अडचण नाही."

"म्हणजे आहे की नाही?"

"काकू, ते बिशपना विचारावं लागेल. पण बिशप मला विचारणार, की घडलं काय? तुम्ही म्हणता मी बेशुद्ध होते. झाबेताबाई सव्वीस वर्षं म्हणत होत्या मी, आता म्हणतात तो. मी लिहू काय? आधी काय घडलं ते ठरवून या."

"घडलेलं ठरवायचं कसं?" मी विचारलं. त्यावर त्यांनी मला कॉफी दिली.

घरी आल्यावर लेक म्हणाली, "आई, आम्ही नगरपालिकेत लग्न करू. नगराध्यक्ष काही तेल विचारत नाही." बोलली ठसक्यात, पण लग्नाचा पोशाख कपाटातून काढून तिनं पाहुण्यांच्या खोलीत नेऊन ठेवला, डोळ्यांसमोर नको म्हणून. स्तामातानं कळवलं, की मुलगा माझा एकुलता एक आहे, पण बहिणीशी लावलेल्या लग्नाला मी येणार नाही. याकोवोस दिवसभर बंदरावर इंजिनं दुरुस्त करत होता आणि ज्याच्या त्याच्या अंगावर वसकन जात होता. लिनार्दोसला मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? तो म्हणाला, "मला काय कळणार? मी ब्राझीलला होतो." गेली सव्वीस वर्षं घरातल्या प्रत्येक भांडणात तो ब्राझीललाच असतो.

शेवटी वारा पडल्याबरोबर आम्ही म्हाताऱ्यालाच विचारायला निघालो. बोट याकोवोसची. त्यात तो, माझी लेक, मी आणि वन्सं. वन्संना यायचं नव्हतं. कंबर दुखते म्हणाल्या, बोट लागते म्हणाल्या, दारावर कावळा बसला म्हणाल्या. लेकीनं हाताला धरून त्यांना बोटीत बसवलं.

"आत्या, तू नाही आलीस तर त्याला खोटं कोण पाडणार?" ती म्हणाली.

वन्सं बोटीच्या तळाशी डोळे मिटून बसल्या. याकोवोस सुकाणूवरून मला म्हणाला, "सासूबाई, एक सांगा. नोनो हो म्हणाले तर मी उद्यापासून हिला ताई म्हणायचं का?" धर्मपित्याला आमच्याकडे नोनो म्हणतात.

"तू आधी मला सासूबाई म्हणणं थांबव," मी म्हटलं. "अजून मी तुझी कुणी नाही. बहुतेक मावशी होणार आहे."

पोरगी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिनं तोंड वाऱ्याकडे फिरवलं.

पेतालिदाला मी त्या दिवसानंतर पाय ठेवला नव्हता. सणाला सगळं गाव जायचं, मी पाव पाठवायची. वळसा घालून बोट आत शिरली तर सगळं तिथल्या तिथे. अर्ध्या चंद्रासारखी वाळू, मागे झाऊची झाडं, कोरडा ओढा, दगडी खोपट, त्याच्या वर पांढरं चर्च. छत्र्या नाहीत, खुर्च्या नाहीत, फोनला रेंज नाही. लांब टोकाला दोन परदेशी माणसं वाळूत पालथी झोपली होती, अंगावर चिंधी नाही. वन्संनी छातीवर क्रूस काढला.

"त्यांच्याकडे बघू नका, म्हणजे ती दिसत नाहीत," नोमिकोस झाडाखालून म्हणाला. "गरीब आहेत. अंजीर दिले की हात जोडतात."

तो बोरूच्या चटईवर वाळत घातलेले अंजीर उलटत होता. आम्हाला बघून त्याला आश्चर्य वाटलं नाही, आनंदही झाला नाही. याकोवोसच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्या लेकीकडे बघून मान खाली घातली आणि आत गेला. बाहेर आला तो जवाचे कडक टोस्ट घेऊन. ते समुद्राच्या पाण्यात बुचकळून मऊ केले, वर चीज आणि केपरच्या झुडपाच्या खारवलेल्या कळ्या ठेवल्या आणि आमच्यापुढे मांडले. खाऊन होईपर्यंत काही विचारायचं नसतं. मी सगळ्यांत आधी खाऊन संपवलं.

"नोमिकोसबाबा," मग मी म्हटलं, "त्या वर्षी, वारा सुटला होता तेव्हा, हिला कुणी उचललं?"

त्याचा हात अंजिरावर थांबला. "झाबेताला विचार."

"त्या म्हणतात तुम्ही."

"मी?" त्यानं वन्संकडे पाहिलं. "असं सांगितलंस तू?"

"म्हातारपणी विसर पडतो माणसाला," वन्सं केपर निवडत म्हणाल्या.

"विसर पडला असता तर सोनं झालं असतं," नोमिकोस म्हणाला. "मी पोरीला हातसुद्धा लावला नाही. तेच तर..." आणि तो थांबला.

याकोवोस उठून उभा राहिला. "झालं. नोनो नाही म्हणतात. चला घरी."

"चला काय?" माझी लेक म्हणाली. "आत्या म्हणते यांनी, हे म्हणतात मी नाही. पापा-स्टेफानोस कुणाचं लिहून घेणार? आणि सगळं गाव म्हणेल, धर्मपुत्राचं लग्न मोडू नये म्हणून म्हातारा खोटं बोलला."

खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. म्हाताऱ्याचा चेहरा खोटं बोलणाऱ्यासारखाच दिसत होता. पण वन्संचाही तसाच दिसत होता. दोघंही काहीतरी लपवत होती आणि दोघंही एकमेकांवर चिडली होती. मी मधे बसले होते. माझ्याच पोरीची गोष्ट, मी तिथेच होते, आणि तिथे नव्हतेही. लिनार्दोस ब्राझीलला होता ते परवडलं. निदान तो कुठे होता हे त्याला माहीत आहे.

"वन्सं," मी म्हटलं, "तुम्ही नाही आणि हेही नाहीत. मग काय शेळ्यांनी उचललं?"



"संत मामाससमोर चला," माझी लेक म्हणाली. "दोघंही. तिथे हात ठेवून सांगा."

चर्चचं दार सण सोडला तर नुसतं कडी लावून असतं. आत पाच माणसं उभी राहिली की भरतं. नोमिकोसनं दिवा पेटवला. तोच तेलाचा वास आला आणि मी भिंतीला धरलं. म्हाताऱ्यानं टोपी काढली, संताच्या तसबिरीवर हात ठेवला आणि स्पष्ट म्हणाला, "मी या मुलीला उचललं नाही." मग बाजूला झाला.

"आता तू, आत्या."

वन्सं पुढे झाल्या. त्यांनी ओठ पुसले. उजवा हात उचलायला गेल्या, तो कोपरापर्यंत आला आणि तिथेच राहिला. सबंध घराला धाकात ठेवणारी ती बाई स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. तिनं तो डाव्या हातानं धरून वर न्यायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला.

"तेव्हाही असाच झाला होता," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातातलं मूल घ्यायला गेले आणि हात उठेना. मेलेलं मूल हातात घ्यायची मला भीती वाटली, अनेझिना. मी खाली बसून रडायला लागले."

"मग कुणी उचललं?"

"तू."

मला ते कळलंच नाही. मी म्हटलं, "मी काय?"

"तूच उचललंस. आम्हा दोघांना ढकललंस, पोरीला घेऊन पळत खाली गेलीस आणि सरळ समुद्रात शिरलीस. मला वाटलं जीव देतेस. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिलीस आणि तिला डोक्याच्या वर धरलंस. एकदा, दोनदा, तीनदा. इतकी मोठ्यानं ओरडलीस की शेळ्या पळाल्या. तिसऱ्या वेळी पोर रडली."

"पण मी बेशुद्ध होते. तुम्ही माझ्यावर पाणी मारलंत."

"पाणी मारलं तर माणूस तोंडावर भिजेल," नोमिकोस म्हणाला. "तुझे केस कोरडे होते, बाई. घागऱ्यातून पाणी निथळत होतं. पोर झाबेताच्या मांडीवर दिलीस आणि मग पडलीस."

सव्वीस वर्षं मला माझा ओला घागरा आठवत होता आणि तो कशानं भिजला हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी दाराबाहेर आले आणि पायरीवर बसले. समोर ते पाणी होतं, हिरवं, तळापर्यंत दिसणारं. मी खूप जोर लावला पण मला काही आठवेना. कुणीतरी दुसऱ्याच बाईची गोष्ट सांगावी तसं वाटत होतं. मला रडू येत होतं आणि का येतंय ते सांगता येत नव्हतं.

वन्सं माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"मग लपवलंत कशाला?" मी विचारलं. "इतकी वर्षं मला वाटत होतं, मी आई असून..."

"आमची आजी सांगायची, की आईनं स्वतःच्या मुलाला उचललं तर ती त्याची धर्ममाता होते. मग नवराबायको राहत नाहीत, धर्माचे नातेवाईक होतात. एका छपराखाली राहता येत नाही. लिनार्दोस जहाजावरून घरी येणार, आणि मी माझ्या भावाला काय सांगू, की तुझं घर मोडलं? मी म्हटलं, मी उचललं म्हणून सांगते. मला नवरा नाही, माझं कोण मोडणार? नोमिकोसला शपथ घातली."

"आणि परवा?"

"परवा तबक धरायची वेळ आली. तुझं नाव तर घ्यायचं नव्हतं. तिसरं माणूस एकच होतं तिथे. तोंडातून निघून गेलं. तो याकोवोसचा धर्मपिता आहे हे नंतर डोक्यात आलं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मला एकाच वेळी त्यांचा गळा दाबावासा वाटला आणि त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. दोन्हीतलं काही केलं नाही. त्यांच्या खांद्यावरची शाल सरळ केली.

"पापा-स्टेफानोसना हेच सांगायचं," मी म्हटलं. "पोरीला आईनं उचललं. याकोवोसशी तिचं काही नातं नाही. आणि मला-लिनार्दोसला वेगळं राहा म्हणाले, तर पहाटे भट्टी कुणी पेटवायची तेही बिशपना विचारून ठेवा म्हणावं."

याकोवोसनं एकदम मोठा श्वास सोडला. पण माझी लेक नोमिकोससमोर उभी होती. तो पायरीच्या खाली दगडाला टेकला होता आणि टोपी हातात फिरवत होता.

"तुम्ही आत्ताच 'तेच तर' म्हणालात," ती म्हणाली. "तेच तर काय?"

"झाबेता घाबरली होती, ते समजण्यासारखं आहे," तो म्हणाला. "मी घाबरलो नव्हतो. तुझ्या आईनं तुला माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, नोमिकोस, उचला. मी हात मागे घेतले. मी जन्मभर बाप्तिस्म्याला मुलगेच घेतले, मुलगी एकही नाही. कुणाचं लग्न अडू नये म्हणून, आमच्या लोकांत तशीच रीत. त्या वर्षी हा याकोवोस दोन वर्षांचा होता, माझाच धर्मपुत्र. मी म्हटलं, बाई, मुलगी मला चालत नाही. मूल समोर मरतंय, आणि मी म्हणालो, चालत नाही." त्यानं टोपी डोक्यावर घातली, परत काढली. "त्या दिवशी ज्या डोक्याखाली हात धरला नाही, त्या डोक्यावर आता मुकुट कुठल्या तोंडानं धरू? म्हणून नाही म्हणालो."

लांबवर त्या नागड्या माणसांपैकी एकजण शिंकला.

मग माझी लेक त्याच्यासमोर वाळूत बसली. ती बंदरावर तिकीट-खिडकीत काम करते, लोकांना सरळ उत्तर द्यायची तिला सवय आहे.

"नोनो," ती म्हणाली. तिनं त्याला पहिल्यांदाच तसं म्हटलं. "तेव्हा तुम्ही हात पुढे केला असता, तर आज मला याकोवोस मिळाला नसता. तुम्ही नाही म्हणालात म्हणून आमचं लग्न लागतंय. तुमच्याइतका हक्क मुकुटावर कुणाचाच नाही."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. त्याला ते पटलं की नाही मला कळलं नाही. मलाही ते धड कळत नव्हतं, चूक कुठे संपते आणि पुण्य कुठून सुरू होतं. त्यानं फक्त विचारलं, "बूट घालावे लागतील का?"

"घालावे लागतील," याकोवोस म्हणाला. "आणि दाढी."

"दाढी जमेल."

लेक आणि याकोवोस मग पोहायला गेले. ऑगस्टच्या सुरुवातीचे, समुद्रात न उतरण्याचे वर्ज्य दिवस संपले होते, त्यामुळे वन्संनाही हरकत घेता आली नाही. त्या झाडाखाली आडव्या झाल्या. नोमिकोसनं वाळलेले अंजीर एका टोपलीत भरून माझ्यापुढे ठेवले.

"एक सांगा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच कोरडा वाटला. "नाव कुणी दिलं? वन्संनी ना?"

"उचलणारा नाव देतो. झाबेता कशी देईल?"

"मी दिलं? मारूसो?"

"मला नवल वाटलं होतं. सासूचं आणि तुझं कसं जमतं ते सगळ्या बेटाला ठाऊक. संध्याकाळी तुझा ताप जरा उतरला तेव्हा मी विचारलंही, की आईचं नाव सोडून तिचं का गं ठेवलंस? तू अर्धवट झोपेत होतीस. म्हणालीस, आई माझी तिशीतच गेली. ही म्हातारी पंचाहत्तरीला आली तरी मरायचं नाव काढत नाही. मला ते नाव पाहिजे."

मी टोपलीतला एक अंजीर उचलला आणि परत ठेवला. सासू पुढे अठ्ठ्याण्णव वर्षं जगली. शेवटच्या आठवड्यापर्यंत माझ्या पावात मीठ कमी असल्याचं सांगत होती.

ऊन कलायला लागलं तसं टोकाच्या खडकांवर पाणी पांढरं व्हायला लागलं. नोमिकोसनं नाक वर करून वारा हुंगला. "निघा," तो म्हणाला. "नाहीतर यंदाही अडकाल."

याकोवोस बाहेर येऊन बोट ढकलायला लागला होता. लेक मात्र खूप आत होती, पाठीवर पडून आकाशाकडे बघत, कान पाण्यात. वन्संनी हातवारे केले, याकोवोसनं शीळ घातली, तिला काही ऐकू जाईना.

मी चपला काढल्या आणि पाण्यात शिरले. घोटे, गुडघे, मग घागरा तरंगायला लागला. कमरेशी पाणी आलं तेव्हा थांबले. इथेच असेल बहुधा, किंवा थोडं डावीकडे. सांगता येत नव्हतं.

"मारूसो!" मी हाक मारली.

मागे वन्सं एकदम उठून बसल्याचं मला जाणवलं. लेकीनं पाण्यातून डोकं वर काढलं आणि आधी याकोवोसकडे पाहिलं, मग झाडाखाली आत्याकडे. कुणी बोलावलं ते तिला कळत नव्हतं.

मी हात वर केला आणि पुन्हा हाक मारली.